वय, व्यसनं, आहार आणि रक्तपेशींमधली जनुकीय हानी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं या विषयावर लोक मला प्रश्न पाठवत आले आहेत. कुणाच्या हातात तपासणीचा कागद असतो, कुणी नुकतीच सिगारेट सोडलेली असते, कुणाच्या घरात कर्करोगाचा रुग्ण असतो. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आला, तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रक्तपेशींमधली जनुकीय हानी म्हणजे नेमकं काय?

पेशीच्या केंद्रकात डीएनएचे लांबच लांब धागे ४६ गुणसूत्रांमध्ये गुंडाळलेले असतात. हे धागे तुटणं, त्यांच्यातलं एखादं अक्षर बदलणं, दोन तुकडे चुकीच्या जागी जोडले जाणं किंवा पेशी दुभंगताना अख्खं गुणसूत्रच मागे राहून जाणं, या सगळ्याला मिळून जनुकीय हानी म्हणतात.

हानी होणं हा अपवाद नाही, हे आधी लक्षात घ्यावं. श्वासातला ऑक्सिजन, शरीरातलं पाणी आणि अन्नाचं ज्वलन यांमुळेच प्रत्येक पेशीच्या डीएनएला रोज हजारो ठिकाणी इजा होते, आणि ती बहुतेक सगळी दुरुस्त होते. ही दुरुस्ती कशी चालते ते उलगडल्याबद्दल टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सँकार यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणून ‘माझ्या पेशींत हानी आहे का’ असं विचारण्यात फारसा अर्थ नाही. हानी किती वेगाने होते आहे आणि दुरुस्ती तिला पुरी पडते आहे का, हे विचारायला हवं.

२. लाल पेशींत तर केंद्रकच नसतं. मग तपासतात काय? आणि तपासायला रक्तच का?

तपासतात त्या पांढऱ्या पेशी, आणि त्यांतही मुख्यतः लिम्फोसाइट. यामागे एक छान कारण आहे. पांढऱ्या पेशींमधल्या न्यूट्रोफिल रक्तात आल्यावर जेमतेम एखादा दिवस टिकतात. लिम्फोसाइट मात्र महिनोन् महिने, काही तर वर्षानुवर्षं जगतात, रक्तातून शरीरभर फिरतात आणि वाटेत जे भोगावं लागलं त्याच्या खुणा बाळगून असतात. शिवाय नुसत्या सुईने मिळतात. फुप्फुसाचा किंवा यकृताचा तुकडा निरोगी माणसाकडे कोण मागणार?

लाल पेशींचाही एक अपवाद आहे. अस्थिमज्जेत तयार होताना त्यांना केंद्रक असतं आणि नंतर ते बाहेर टाकलं जातं. तेव्हा गुणसूत्राचा एखादा तुकडा मागे राहिला, तर लाल पेशीत गडद ठिपका दिसतो. त्याला हॉवेल-जॉली कण म्हणतात. प्लीहा असे कण काढून टाकते, त्यामुळे एरवी ते क्वचितच दिसतात. प्लीहा काढलेल्यांच्या रक्तात मात्र दिसतात, आणि बी१२ किंवा फोलेटची मोठी कमतरता असेल तरही दिसू शकतात (प्रश्न ११).

३. ही हानी मोजतात कशी? वेगवेगळ्या तपासण्यांची नावं ऐकून गोंधळ होतो.

गोंधळ होणारच, कारण प्रत्येक तपासणी वेगळी गोष्ट आणि वेगळा काळ मोजते.

कॉमेट चाचणीत पेशी जेलच्या पातळ थरात बसवतात, तिचं आवरण विरघळवतात आणि विद्युतप्रवाह सोडतात. डीएनए जितका जास्त तुटलेला, तितके त्याचे तुकडे आणि सुटलेले धागे धनटोकाकडे पुढे सरकतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते शेपटीच्या धूमकेतूसारखं दिसतं, म्हणून हे नाव. ऑस्टलिंग आणि योहान्सन यांनी १९८४ मध्ये तिचं मूळ रूप मांडलं आणि १९८८ मध्ये नरेंद्र सिंग व सहकाऱ्यांनी आज सगळीकडे वापरलं जाणारं अल्कधर्मी रूप दिलं. ही चाचणी ताजी हानी दाखवते, म्हणजे गेल्या काही तासांतली, फार तर दिवसांतली. त्यातली बरीचशी पुढे दुरुस्तही होणार असते.

दुसरी तपासणी सूक्ष्मकेंद्रकांची, आणि मला तिचं अधिक अप्रूप आहे. पेशी दुभंगताना तुटलेला तुकडा किंवा भरकटलेलं गुणसूत्र मुख्य केंद्रकात पोचत नाही. त्याभोवती वेगळं आवरण तयार होतं आणि मोठ्या केंद्रकाशेजारी एक इवलंसं केंद्रक दिसू लागतं. रक्तातले लिम्फोसाइट मात्र स्वस्थ बसलेले असतात, आपण होऊन दुभंगत नाहीत. त्यांना जागं करायला घेवड्याच्या बियांमधलं फायटोहिमॅग्लुटिनिन हे प्रथिन वापरतात. त्याची ही करामत १९६० मध्ये पीटर नॉवेल यांच्या लक्षात आली. पुढची युक्ती मायकेल फेनेक आणि अ‍ॅलेक मॉर्ली यांची, १९८५ मधली. बुरशीपासून मिळणारं सायटोकॅलेसिन-बी घातलं की केंद्रकं दोन होतात पण पेशी दोन होत नाहीत. त्यामुळे दोन केंद्रकांची पेशी दिसली की ती एकदाच दुभंगली हे नक्की कळतं, आणि मोजणी फक्त तशाच पेशींत करतात. तीन दिवसांची ही खटपट असते. अशा पेशी तासन् तास मोजताना डोळे शिणतात, पण हजार पेशींतलं एखादं सूक्ष्मकेंद्रक सापडलं की त्या माणसाच्या आयुष्यातली एक घटना समोर उभी राहिल्यासारखी वाटते.

तिसरी तपासणी थेट गुणसूत्रांची. पेशी दुभंगताना गुणसूत्र ज्या जागी धरून ओढलं जातं तो गुणसूत्रबिंदू, आणि तो एरवी एकच असतो. दोन गुणसूत्रबिंदू असलेलं विचित्र गुणसूत्र दिसलं, तर ती किरणोत्साराची जवळजवळ सहीच समजतात (प्रश्न १६).

४. माझ्या कागदावर ‘हजार पेशींत ९ सूक्ष्मकेंद्रकं’ असं आलंय. घाबरायचं का?

नाही. अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून हजारो निरोगी लोकांचे आकडे २००१ मध्ये एकत्र केले, तेव्हा मधला आकडा हजारात ६.५ आला आणि निम्मे लोक ३ ते १२ या पट्ट्यात बसले. ९ हा त्याच पट्ट्यातला आकडा आहे.

मोजणारा माणूस, रंगद्रव्य आणि पेशी वाढवण्याची पद्धत बदलली तरी आकडा हलतो. त्यामुळे एका प्रयोगशाळेतले ९ आणि दुसरीतले ६ यांची तुलना करू नका. या तपासण्या माणसांच्या गटांचा अभ्यास करायला बनल्या आहेत. एका माणसाला एका आकड्यावरून निकाल सांगायला त्या बनलेल्या नाहीत, आणि तसा निकाल विकणाऱ्यांपासून दूर राहावं असं मी कळकळीने सांगतो.

५. वय वाढलं की हानी वाढतेच का, कितीही जपलं तरी?

हो, वाढते. सूक्ष्मकेंद्रकांचा आकडा तिशीनंतर स्पष्ट चढू लागतो आणि सगळ्या व्यक्तिगत कारणांमध्ये वयाचा परिणाम सर्वांत ठळक दिसतो. दुरुस्ती मंदावते, लांब जगणाऱ्या पेशींत खुणा साचतात आणि दुभंगताना गुणसूत्रं नीट वाटली जाण्यात जास्त चुका होतात.

वयाबरोबर आणखी एक गोष्ट घडते. अस्थिमज्जेतल्या एखाद्या मूळपेशीत (जिच्यापासून रक्तपेशी तयार होतात तिच्यात) असं उत्परिवर्तन, म्हणजे डीएनएच्या अक्षरांतला कायमचा बदल, होतं की ती इतरांपेक्षा जोमाने वाढते आणि रक्ताचा मोठा हिस्सा तिच्याच वंशाचा होऊन बसतो. २०१४ मध्ये मोठ्या अभ्यासांतून दिसलं की सत्तरीपुढच्या १० टक्क्यांहून अधिक लोकांमध्ये असं असतं, आणि तेही रक्ताचा कुठलाही आजार नसताना. त्यांतल्या बहुतेकांना रक्ताचा कर्करोग कधीच होत नाही. रक्तवाहिन्यांच्या आणि हृदयाच्या आजारांची शक्यता मात्र वाढते.

जपल्याने वय थांबत नाही. चढ किती तीव्र असेल ते मात्र बदलतं, आणि पुढची बहुतेक उत्तरं त्याबद्दलच आहेत.

६. सारख्याच वयाच्या पुरुषापेक्षा बाईचा आकडा जास्त का येतो? बायकांच्या पेशी कमकुवत असतात का?

कमकुवत अजिबात नसतात. वरच्या २००१ च्या संकलनात स्त्रियांचा आकडा सुमारे १९ टक्क्यांनी जास्त होता, हे खरं. त्याचं मोठं कारण एक्स गुणसूत्र. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स असतात आणि त्यांतला एक झोपवलेला असतो. वय वाढतं तसा हा निद्रिस्त एक्स पेशी दुभंगताना मागे राहू लागतो आणि सूक्ष्मकेंद्रकात जाऊन बसतो. म्हणजे आकड्यातला फरक प्रामुख्याने हरवलेल्या एक्सचा आहे, जास्त तुटलेल्या डीएनएचा नाही. गुणसूत्रांच्या मोडतोडीची थेट मोजणी केली तर स्त्रीपुरुषांत असा फरक ठळकपणे दिसत नाही.

पुरुषांचंही एक हरवतं, वाय गुणसूत्र. ब्रिटनमधल्या दोन लाखांहून अधिक पुरुषांच्या २०१९ च्या अभ्यासात सत्तरीच्या पुरुषांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणांच्या रक्तातल्या काही पेशींत वाय नव्हतं.

७. सिगारेटने रक्तपेशींवर काय परिणाम होतो? धूर तर फुप्फुसात जातो.

फुप्फुसातून तो रक्तात उतरतो. तंबाखूच्या धुरात कर्करोगाला कारण ठरणारी सत्तरच्या आसपास रसायनं ओळखली गेली आहेत. त्यांतलं बेंझिन अस्थिमज्जेवर घाला घालतं आणि रक्ताचा कर्करोग घडवू शकतं. बेंझोपायरीन यकृतात आणि इतर पेशींत बदलून डीएनएला घट्ट चिकटतं. शिवाय धुरातले मुक्त मूलक, म्हणजे दिसेल त्याच्याशी झटापट करणारे अस्थिर रेणू, थेट धागे तोडतात. धूम्रपान करणाऱ्यांच्या लिम्फोसाइटमध्ये गुणसूत्रांची मोडतोड आणि गुणसूत्राच्या दोन भावंड-धाग्यांमधली (दुभंगण्याआधी तयार झालेल्या एकसारख्या प्रतींमधली) तुकड्यांची अदलाबदल वाढलेली असते, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

आता अवघड भाग. बरेच वाचक लिहितात, ‘मी ओढतो, तरी माझी सूक्ष्मकेंद्रकं न ओढणाऱ्या मित्राइतकीच आली. म्हणजे मला सिगारेट बाधत नाही ना?’ २००३ मध्ये २४ प्रयोगशाळांची माहिती एकत्र केली, तेव्हाही असंच दिसलं. सरसकट धूम्रपान करणाऱ्यांत वाढ नव्हती. वाढ स्पष्ट होती ती दिवसाला ३० किंवा त्याहून जास्त सिगारेटी ओढणाऱ्यांत.

यावरून ‘थोडी चालते’ असं समजणं फार मोठी चूक ठरेल. अतिशय मोडलेली पेशी बहुधा मरते किंवा दुभंगतच नाही, आणि जी दुभंगत नाही ती या मोजणीत येतच नाही. तपासणीची जाळी मोठी असेल तर लहान मासे निसटतात, म्हणून तळ्यात मासे नाहीत असं होत नाही. २०१६ च्या एका मोठ्या अभ्यासात डीएनएची अक्षरं प्रत्यक्ष वाचली गेली. वर्षभर रोज एक पाकीट ओढणाऱ्याच्या फुप्फुसातल्या प्रत्येक पेशीत सरासरी १५० उत्परिवर्तनांची भर पडते, असा हिशेब निघाला. रक्तातला आकडा बरा आला म्हणून हा हिशेब थांबत नाही.

८. सिगारेट सोडली तर हानी भरून निघते का? वीस वर्षं ओढली आहे.

बरीचशी निघते, आणि हे उत्तर लिहिताना मला मनापासून आनंद होतो. ताजी तुटफूट लवकर कमी होते, कारण ती रोज नव्याने होत असते आणि तिचा उगमच बंद झालेला असतो. लिम्फोसाइटमधल्या जुन्या खुणा त्या पेशी बदलत जातील तशा महिन्यांनी, वर्षांनी विरळ होतात. वाय गुणसूत्राचं उदाहरण तर बोलकं आहे. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१५ च्या सुमारास दाखवलं की सध्या ओढणाऱ्यांत वाय हरवलेल्या पेशी कितीतरी जास्त असतात, जितकं ओढणं जास्त तितक्या जास्त. सोडलेल्यांचं प्रमाण मात्र कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळ येतं.

मूळपेशीत कायमचं कोरलं गेलेलं उत्परिवर्तन पुसलं जात नाही. म्हणून ‘सगळं पूर्ववत होतं’ असं मी म्हणणार नाही. पण वीस वर्षांचं एकविसावं होऊ न देणं तुमच्या हातात आहे.

९. मी ओढत नाही, तंबाखू फक्त चघळतो. मग रक्ताला काही होत नाही ना?

रसायनं तोंडातून शोषली जातात, पोटात जातात आणि रक्तातही पोचतात. मात्र सर्वांत जास्त मार बसतो तो गालाच्या आतल्या पेशींना. म्हणून तिथली सूक्ष्मकेंद्रकं मोजण्याची स्वतंत्र पद्धतच आहे. रक्ताचा आकडा चांगला आला तरी तोंडाची तपासणी टाळू नका.

१०. दारू थोडी घेतली तर?

दारू शरीरात गेली की तिचं अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं. ते डीएनएला चिकटतं आणि धाग्यांना एकमेकांशी जखडतं. २०१८ मध्ये केंब्रिजमधल्या केतन पटेल यांच्या चमूने उंदरांच्या रक्ताच्या मूळपेशींत हे प्रत्यक्ष दाखवलं. अ‍ॅसिटाल्डिहाइडमुळे गुणसूत्रं तुटली, त्यांची जुळणी चुकली आणि त्या पेशींच्या डीएनएमधला मजकूर कायमचा बदलला.

शरीराकडे दोन बचाव आहेत. पहिला, अ‍ॅसिटाल्डिहाइड मोडणारं एन्झाइम. दुसरा, डीएनएची दुरुस्ती. पहिला बचाव अपुरा पडेल असा जनुकीय फरक पूर्व आशियात खूप आढळतो. अशा माणसाचा चेहरा दोन घोटांत लाल होतो, छाती धडधडते. तसं तुम्हाला होत असेल, तर तो शरीराने दिलेला स्पष्ट नकार आहे.

दारू आणि सिगारेट एकत्र घेणाऱ्यांत धोका नुसत्या बेरजेपेक्षा जास्त वाढतो, हे तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगात ठामपणे दिसलं आहे. ‘किती चालते’ याला जनुकीय हानीच्या दृष्टीने सुरक्षित म्हणावा असा आकडा मी देऊ शकत नाही.

११. आहारातल्या कोणत्या गोष्टीने सर्वांत जास्त फरक पडतो?

फोलेट आणि बी१२. बाकी सगळ्या ‘चमत्कारी’ पदार्थांच्या आधी या दोघांचं नाव घ्यायला हवं.

डीएनए बांधताना थायमिन नावाचं अक्षर लागतं आणि ते तयार करायला फोलेट लागतं. फोलेट कमी पडलं की पेशी नाइलाजाने थायमिनच्या जागी युरॅसिल बसवते. दुरुस्ती करणारी एन्झाइमं ते चुकीचं अक्षर काढायला धागा कापतात, पण जागा भरायला पुन्हा थायमिन नसतंच, पुन्हा युरॅसिलच बसतं. समोरासमोर दोन काप पडले की गुणसूत्र तुटतं. म्हणजे इथे दुरुस्तीच घात करते. ब्रूस एम्स यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये फोलेटची कमतरता असलेल्या लोकांत हे मोजलं, तेव्हा एकेका पेशीत सुमारे ४० लाख युरॅसिल घुसलेले आढळले, आणि फोलेट दिल्यावर ते कमी झाले. बी१२ नसेल तर असलेलं फोलेटही अडकून पडतं आणि परिणाम तोच होतो.

फोलेट हिरव्या पालेभाज्या, डाळी, कडधान्यं आणि संत्र्यासारख्या फळांतून मिळतं. फार वेळ उकळून पाणी फेकलं की बरंच वाया जातं. बी१२ मात्र नैसर्गिकरीत्या प्राणिज पदार्थांतच भरवशाने मिळतं. जे दूध, अंडी, मांस यांतलं काहीच घेत नाहीत, त्यांना बी१२ मिसळलेलं अन्न किंवा पूरक गोळी लागतेच. उतारवयात पोटातलं आम्ल कमी झाल्याने ते नीट शोषलं जात नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांमध्येही ते कमी होऊ शकतं.

एक सावधगिरी. बी१२ न तपासता फोलिक अ‍ॅसिडच्या मोठ्या गोळ्या घेऊ नका. त्याने रक्तक्षय सुधारतो, तपासणीत सगळं बरं दिसतं आणि आत मज्जातंतूंची इजा चालूच राहते.

१२. मग अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या सुरू करू का?

गोळ्या सुरू करण्याआधी फिनलंडमधला अनुभव वाचा. २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली आणि १९९४ मध्ये तिचे निष्कर्ष आले. बीटा-कॅरोटिनने फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी सगळ्यांची आशा होती. झालं उलट: गोळी घेणाऱ्यांत तो १८ टक्क्यांनी वाढला. अमेरिकेतली तशीच दुसरी चाचणी १९९६ मध्ये मध्येच थांबवावी लागली. फळं-भाज्या खाणाऱ्यांच्या पेशी अनेक अभ्यासांत बऱ्या दिसतात, पण फळातला एक घटक काढून त्याची मोठी मात्रा दिली की तेच फळ मिळतं असं नाही. ज्याची कमतरता तपासणीत निघाली, ते भरून काढा. त्यापलीकडे गोळ्यांचा आधार शोधू नका.

१३. व्यायामाने ऑक्सिजन जास्त वापरला जातो, मग हानी वाढत नाही का?

थकवून टाकणाऱ्या एकेका प्रसंगाने वाढते. मॅरेथॉनसारख्या शर्यतीनंतर कॉमेट चाचणीत पांढऱ्या पेशींच्या शेपट्या लांबलेल्या दिसतात आणि काही दिवसांत पूर्ववत होतात. नियमित सराव असलेल्यांत ही वाढ कमी असते, कारण शरीर आपली संरक्षक एन्झाइमं आणि दुरुस्ती वाढवतं. महिनोन् महिने बैठं राहून एकाच दिवशी जीव तोडून धावण्यापेक्षा रोजचं झपझप चालणं पेशींच्या हिताचं आहे. रक्त तपासायला द्यायचं असेल, तर आधीचे काही दिवस असा अतिश्रम टाळा, नाहीतर आकडा फसवा येईल.

१४. वजन आणि मधुमेह यांचा संबंध आहे का?

आहे. अतिलठ्ठपणात चरबीच्या पेशींतून सतत मंद दाह चालू राहतो, मधुमेहात वाढलेली साखर मुक्त मूलकांचं प्रमाण वाढवते, आणि दोन्हींत लिम्फोसाइटमधली हानी वाढलेली आढळते. वजन बऱ्यापैकी उतरलं की हानीही उतरल्याचं शस्त्रक्रियेने वजन घटवलेल्या रुग्णांत दिसलं आहे.

१५. रात्रपाळी आणि अपुरी झोप?

डीएनए दुरुस्तीच्या काही प्रक्रिया शरीराच्या घड्याळानुसार कमीजास्त होतात, त्यामुळे घड्याळ सतत उलटंपालटं होणं निरुपद्रवी नसणार. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवलं. पण प्रत्यक्ष रक्तपेशींतला पुरावा तंबाखू किंवा फोलेटइतका भक्कम नाही. रात्रपाळी करणारे पुष्कळदा ओढतात जास्त, खातात अवेळी आणि हलतात कमी. त्यातलं नेमकं काय बोलतंय हे वेगळं काढणं कठीण असतं. ताणाबाबतही हेच.

१६. एक्स-रे आणि सीटी स्कॅनने रक्तपेशी बिघडतात का?

किती मात्रा मिळाली त्यावर आहे. जमीन, हवा आणि अवकाशातून प्रत्येकाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट किरणोत्सार आपोआप मिळतो. छातीच्या एका एक्स-रेचा वाटा ०.१ किंवा त्याहूनही कमी, तर पोटाच्या सीटीचा १० च्या आसपास.

सीटीनंतर काही मिनिटांतच लिम्फोसाइटमध्ये दुहेरी तुटीच्या (डीएनएचे दोन्ही धागे एकाच जागी तुटल्याच्या) खुणा वाढलेल्या दिसतात आणि साधारण २४ तासांत त्या मूळ पातळीवर येतात. दोन गुणसूत्रबिंदूंची विचित्र गुणसूत्रं मोजून मिळालेली मात्रा ठरवण्याची पद्धत अपघातानंतर वापरतात. ती साधारण १०० मिलिसीव्हर्टच्या खाली काही ठाम सांगू शकत नाही. म्हणजे एका सीटीने त्या तपासणीत काही उमटणार नाही.

डॉक्टरांनी कारण असताना सांगितलेली तपासणी भीतीपोटी नाकारू नका. कारण नसताना ‘एकदा सगळं बघून घेऊ’ म्हणून स्कॅन मात्र करू नका, विशेषतः लहान मुलांचे.

१७. मोबाइल खिशात ठेवल्याने?

मोबाइलच्या लहरींमध्ये डीएनएचा रासायनिक बंध तोडण्याइतकी ऊर्जा नसते. २०११ मध्ये त्यांना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात ठेवलं गेलं, तेही मर्यादित पुराव्यावर. रक्तपेशींवरच्या प्रयोगांचे निकाल परस्परविरोधी आहेत. हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो, आणि विचारणाऱ्यांपैकी कित्येकांच्या दुसऱ्या हातात सिगारेट असते.

१८. माझं काम रसायनांशी आहे. राहणी सुधारून उपयोग होईल का?

राहणी सुधारणं चांगलंच, पण इथे आधी कामाची जागा सुधारायला हवी. बेंझिन, वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करायला वापरला जाणारा इथिलीन ऑक्साइड वायू, फॉर्माल्डिहाइड, काही कीटकनाशकं आणि कर्करोगाची औषधं तयार करताना किंवा देताना होणारा संपर्क यांनी लिम्फोसाइटमधली हानी वाढते. हवा खेळती असणं, बंदिस्त यंत्रणा, योग्य हातमोजे आणि मुखपट्टी ही मालकाची जबाबदारी आहे. कामगाराने पालेभाजी खाऊन बेंझिनची भरपाई करावी, हे मला मान्य नाही. अशा कामात असलेला माणूस ओढतही असेल, तर दोन्ही भार एकाच पेशीवर पडतात.

१९. कर्करोगाचे उपचार झाले आहेत. त्या औषधांनी रक्तपेशींत कायमची हानी राहते का?

यांतली बरीच औषधं डीएनए तोडूनच काम करतात, त्यामुळे उपचारांच्या काळात आकडे खूप चढतात आणि पुढे बराच काळ मूळ पातळीवर येत नाहीत. थोड्या रुग्णांत उपचारांमुळे दुसरा रक्ताचा कर्करोग होतो. सायक्लोफॉस्फमाइडसारख्या औषधांनंतर साधारण ५ ते १० वर्षांनी, तर इटोपोसाइडसारख्यांनंतर १ ते ५ वर्षांत. बहुसंख्य रुग्णांना तो होत नाही, आणि उपचार न घेण्याचा धोका याहून कितीतरी मोठा असतो. नियमित रक्ततपासणी चालू ठेवा. किरणोत्सारी आयोडीन घेतलेल्यांनाही हेच लागू.

२०. आम्ही दोघं भाऊ एकसारखंच जगतो, तरी आकडे वेगळे. कसं?

राहणीचा मार प्रत्येकावर सारखा बसत नाही. विषारी द्रव्यं निकामी करणाऱ्या जीएसटीएम१ या जनुकाच्या दोन्ही प्रती मुळातच नसलेले लोक अनेक लोकसमूहांत निम्म्याच्या आसपास असतात. फोलेट वापरणाऱ्या एमटीएचएफआर एन्झाइमचं एक मंद रूपही बरंच आढळतं. फोलेट भरपूर मिळत असेल तर ते फारसं जाणवत नाही, कमी पडलं की जाणवतं (प्रश्न ११). म्हणजे जनुकं आणि ताट यांचा हिशेब एकत्रच मांडावा लागतो.

काही दुर्मीळ आजारांत दुरुस्तीच जन्मतः अधू असते. फॅन्कोनी रक्तक्षयात रक्तपेशींच्या नमुन्यात डायइपॉक्सिब्युटेन हे रसायन घातल्यावर गुणसूत्रांचे तुकडे तुकडे होतात आणि निदानही त्यावरूनच करतात. ब्लूम सिंड्रोममध्ये भावंड-धाग्यांची अदलाबदल नेहमीच्या दहापटीने होते. अशा कुटुंबांनी आकडे इतरांशी ताडून पाहू नयेत, जनुकतज्ज्ञांकडे जावं.

२१. आकडा जास्त म्हणजे पुढे कर्करोग होणार का?

एका माणसाबद्दल असं सांगता येत नाही. गटांबद्दल मात्र येतं. १० देशांतल्या सुमारे ६७०० लोकांचा मागोवा घेऊन २००७ मध्ये दाखवलं गेलं की सूक्ष्मकेंद्रकं जास्त असलेल्या गटांत पुढे कर्करोग जास्त झाले. गुणसूत्रांच्या मोडतोडीबाबत असाच संबंध युरोपातल्या अभ्यासांत त्याआधी दिसला होता, आणि तिथे एक विचार करायला लावणारी गोष्ट होती: मोडतोड कशामुळे झाली हे माहीत असो वा नसो, संबंध टिकून होता. तरीही जास्त आकड्याच्या गटातल्या बहुतेकांना त्या काळात कर्करोग झाला नाही. हे प्रश्न ४ च्या उत्तराशी जोडून वाचा.

२२. माझ्या रक्तपेशींतली हानी मुलांमध्ये उतरेल का?

नाही. रक्तपेशींतला बदल तुमच्याबरोबरच संपतो. मुलांकडे जातं ते बीजांडातलं आणि शुक्रपेशीतलं. हिरोशिमा आणि नागासाकीतल्या बॉम्बहल्ल्यातून वाचलेल्यांच्या मुलांचा दशकानुदशकं अभ्यास झाला. वाचलेल्यांच्या स्वतःच्या लिम्फोसाइटमध्ये अनेक वर्षांनीही गुणसूत्रांचे बदल सापडले, पण त्यांच्या मुलांत वारशाने आलेला वाढीव जनुकीय दोष दिसला नाही.

गरोदरपणातली गोष्ट वेगळी आहे. आईने ओढलेल्या धुरातली रसायनं वारेतून पलीकडे जातात आणि बाळाच्या स्वतःच्या पेशींना इजा करतात. तो वारसा नाही, थेट संपर्क आहे. आणि धूम्रपान शुक्रपेशींचं नुकसान वेगळं करतंच, त्यामुळे बाप होऊ पाहणाऱ्यानेही यातून सुटका समजू नये.

२३. रक्त देणारा खूप ओढणारा असेल, तर त्याची हानी मला लागते का? आणि मूळपेशींच्या रोपणात?

रक्त चढवताना नाही. तुम्हाला हव्या असतात लाल पेशी, आणि त्यांत केंद्रकच नसतं (प्रश्न २). सोबत आलेल्या थोड्या पांढऱ्या पेशी तुमचं शरीर सहसा लवकरच काढून टाकतं. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रुग्णांसाठी रक्ताच्या पिशवीवर साधारण २५ ग्रे (शोषलेल्या किरणांचं माप) इतका किरणांचा मारा करतात. दात्याच्या लिम्फोसाइटचा डीएनए इतका मोडावा की त्या दुभंगूच नयेत, हाच त्यामागचा हेतू असतो. ज्या हानीबद्दल आपण इतकं बोललो, ती इथे मुद्दाम घडवतात, रुग्णाचा जीव वाचवायला.

मूळपेशींच्या रोपणात मात्र उत्तर ‘हो’ आहे. रोपणानंतर तुमचं रक्त दात्याच्या मूळपेशी तयार करतात, त्यामुळे त्यांच्यातली उत्परिवर्तनंही येतात. प्रश्न ५ मध्ये सांगितलेले जोमाने वाढणारे वंश वयस्क दात्याकडून रुग्णात आल्याची उदाहरणं आहेत. दाता निवडताना तरुण वयाला झुकतं माप देण्याची कारणं अनेक आहेत, हे त्यांतलं एक. रोपण झालेल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: यापुढे रक्तावर केलेली कुठलीही जनुकीय तपासणी दात्याची निघेल. स्वतःची हवी असेल, तर त्वचेच्या पेशींचा नमुना द्यावा लागेल, आणि रोपण झाल्याचं प्रयोगशाळेला आधी सांगावं लागेल.